वायमारची अर्धी यात्रा

अलीकडे आपल्या सुशिक्षित कुटुंबांत युरोपच्या प्रवासाची हौस वाढत चालली आहे, आणि ती वाढावी हें सर्वथा योग्य आहे. ज्यांना वाङ्मयाची कांहीं गोडी आहे अशीं माणसें लंडन, पॅरिस आणि रोम एवढ्यावरच समाधान न मानतां, वाट थोडी वांकडी करून, जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतांत इल्म नदीच्या कांठीं वसलेल्या वायमार नांवाच्या लहानशा शहरालाहि भेट देऊन येतात. परत आल्यावर तीं लेख लिहितात, मंडळांतून व्याख्यानें देतात, आल्यागेल्यास छायाचित्रें दाखवितात. त्या छायाचित्रांत गटेचें घर असतें, शिलरचें घर असतें, एकाच पर्णमुकुटाला हात लावून नाट्यगृहासमोर उभे असलेले ते दोघे कवि असतात, इल्मकांठच्या बागेंतील फुलेंहि असतात. जें त्यांत नसतें त्यासंबंधीं मला चार शब्द लिहावयाचे आहेत. ते कडू लागले तरी वाचकांनीं ऐकून घ्यावे.

शहराच्या उत्तरेस सुमारें ८ किलोमीटरांवर एटर्सबेर्ग नांवाची टेकडी आहे. तिच्या दक्षिण उतारावर १९५८ सालीं बांधून पुरा झालेला घंटेचा मनोरा दुरूनहि नजरेस पडतो. तेव्हां टेकडी दिसलीच नाहीं असें म्हणण्याची सोय नाहीं. याच टेकडीवर १९३७ च्या जुलैपासून १९४५ च्या एप्रिलपर्यंत बुखेनवाल्डची छळछावणी होती. तेथें आणि तिच्या पोटछावण्यांतून पन्नासाहून अधिक देशांतील सुमारें २,८०,००० माणसें कोंडण्यांत आलीं; त्यांपैकीं सुमारें ५६,००० प्राणांस मुकलीं. त्यांत यहुदी होते, साम्यवादी होते, रोमा जमातीचे लोक होते, पोलिश होते, फ्रेंच होते. सोव्हिएट युद्धकैदी तर ८,००० च्या आसपास, उंची मोजण्याच्या मिषानें एका जुन्या तबेल्यांत उभे करून, मागून मानेंत गोळी घालून मारले गेले. इतकी मोठी गोष्ट आमच्या प्रवासवर्णनांत कोठें येते? आलीच तर ‘जवळच एक छावणीहि आहे, परंतु वेळेच्या अभावीं जातां आलें नाहीं’ एवढ्यापुरती.

वेळेचा अभाव ही सबब आहे. कारण निराळें आहे. वायमारचें मनापासून कौतुक करणाऱ्या एका गृहस्थांना मीं याविषयीं विचारलें, तेव्हां ते थोडे दुखावून म्हणाले, “अहो, आम्ही गटेला भेटावयास गेलों होतों, हिटलरला नव्हे.” उत्तर चटकदार आहे, आणि तें त्यांच्या एकट्याचें आहे असें मला वाटत नाहीं. सुंदर शहर एकीकडे, घाणेरडी टेकडी दुसरीकडे. रसिकानें पहिल्याकडे जावें, इतिहासाच्या अभ्यासकानें हवें तर दुसरीकडे जावें, अशी ही वांटणी आहे. ऐकावयास ती सुसंस्कृत वाटते. परंतु ती खोटी आहे, आणि तिचा खोटेपणा दाखविण्यासाठीं वायमारच्या बाहेर जाण्याचें कारण नाहीं.

प्रथम त्या शहराचें जें ऋण आहे तें मान्य करूं. सुमारें ६,००० वस्तीचें तें एक गांव. ऐन तारुण्यांत विधवा झालेल्या ॲना अमालिया या राजमातेनें आपल्या मुलांना शिकविण्यासाठीं १७७२ सालीं वीलांट या कवीला तेथें बोलावलें; तिच्या मुलानें, ड्यूक कार्ल ऑगस्टनें, १७७५ सालीं २६ वर्षांच्या गटेला बोलावलें; पुढच्या वर्षीं हेर्डर आला; १७९९ सालीं शिलर कायमचा राहावयास आला. एवढ्याशा गांवांत एवढीं माणसें एका काळीं नांदलीं ही गोष्ट जगाच्या वाङ्मयांत विरळाच. त्या राजमातेच्या नांवानें चालणाऱ्या ग्रंथालयास २००४ च्या सप्टेंबरांत आग लागली व सुमारें ५०,००० ग्रंथ भस्म झाले, तेव्हां लोकांनीं रांग धरून हातोहात पुस्तकें बाहेर काढलीं. ज्या शहराचे लोक जळत्या छपराखालून ग्रंथ वांचवितात त्यांच्याविषयीं आदर न वाटणारा माणूस मी नाहीं.

शिवाय आपल्याला वायमारविषयीं आणखी एक घरगुती अभिमान आहे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८९ सालीं कलकत्त्यास शाकुंतलाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यावरून गेऑर्ग फोर्स्टरनें १७९१ सालीं जर्मन भाषांतर केलें. तें गटेच्या हातीं पडलें आणि त्यानें त्यावर चार ओळींचें स्तुतिपर काव्य लिहिलें. ‘फाउस्ट’च्या आरंभींचा रंगभूमीवरील प्रवेश शाकुंतलाच्या प्रस्तावनेवरून सुचला असें अनेक विद्वान् मानतात. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ज्या नाटकाच्या आधारें मराठी संगीत रंगभूमि उभी केली तेंच हें नाटक. मग आपल्याला आनंद कां होऊं नये? परंतु चार ओळींवर आपलें भागलें नाहीं. गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला, ही कथा आपल्याकडे इतक्यांदा सांगितली गेली आहे कीं, त्या नाचाला आधार काय असें विचारणें आतां अरसिकपणाचें ठरतें. मला शंका येते ती अशी कीं, आपल्यापैकीं पुष्कळ जण वायमारला जातात ते आपल्या कालिदासाला मिळालेलें प्रशस्तिपत्र ज्या गांवीं लिहिलें गेलें तें गांव पाहावयास जातात. प्रशस्तिपत्र देणाऱ्याच्या गांवावर डाग असणें कोणाला रुचेल?

आतां त्या टेकडीच्या नांवाची हकीकत ऐकावी. एटर्सबेर्ग हें नांव वायमारच्या वाङ्मयांत परकें नव्हतें. टेकडीच्या उत्तर अंगाला एटर्सबुर्ग नांवाचा वाडा आहे. ॲना अमालिया उन्हाळ्यांत तेथें राही, दरबारी मंडळी हौसेनें नाटकें करीत, आणि गटे त्यांत स्वतः भूमिका घेई. आलेल्या परक्या माणसांना बळी देण्याची चाल एका स्त्रीच्या माणुसकीनें बंद पडते, असा ज्याचा आशय तें ‘इफिगेनी’ नाटक १७७९ सालीं तेथेंहि झालें. शिलरनें १८०० सालीं ‘मारिया स्टुअर्ट’ नाटक त्याच वाड्यांत राहून पुरें केलें. १९३७ च्या उन्हाळ्यांत याच टेकडीवरील रान तोडून छावणीचें काम सुरू झालें आणि तिला टेकडीचेंच नांव देण्याचें ठरलें. तेव्हां वायमारच्या नाझी सांस्कृतिक मंडळानें हरकत घेतली. ही हरकत कशाला होती हें नीट पाहावें. माणसें काटेरी तारांत कोंडण्याबद्दल मंडळाचें कांहीं म्हणणें नव्हतें. म्हणणें एवढेंच कीं, एटर्सबेर्ग या नांवाशीं गटेची स्मृति निगडित आहे, ती अशा जागेशीं जोडली जाऊं नये. हिमलरनें ती हरकत मानली. बीच वृक्षांचें रान या अर्थाचें ‘बुखेनवाल्ड’ हें नवें नांव घडविण्यांत आलें. टेकडी तीच राहिली, छावणी तेथेंच झाली. कवीचें नांव मात्र सोंवळें राहिलें.

जगाच्या इतिहासांत क्रौर्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. परंतु रसिकतेची इतकी भयंकर परीक्षा आणि तींत इतकें शांतपणें नापास होणें मीं दुसरीकडे वाचलेलें नाहीं. आणि म्हणूनच आमच्या त्या गृहस्थांचें उत्तर मला खुपतें. ‘गटेला भेटावयास गेलों होतों, हिटलरला नव्हे’ म्हणजे तरी काय? नांव वेगळें ठेवा, जागा वेगळी माना, आमच्या कवीच्या अंगावर शिंतोडा उडूं देऊं नका. वायमारच्या त्या मंडळानें १९३७ सालीं जें केलें त्याचा हा निरुपद्रवी, सहलीपुरता अवतार आहे. निरुपद्रवी आहे हें मी मान्य करतों. आमच्या प्रवाशांनीं कोणाला कोंडलें नाहीं. पण विचाराची ठेवण तीच आहे, आणि ती ओळखूं यावी यासाठींच तर माणसानें वायमारला जावयाचें!

शहर आणि टेकडी यांमध्यें भिंत होती असें जो मानतो त्यानें शिलरच्या टेबलाची गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९४२ सालीं हवाई हल्ल्यांची भीति वाटूं लागली, तेव्हां शिलरच्या घरांतील लिहिण्याचें टेबल व इतर सामान टेकडीवर नेण्यांत आलें. छावणींतील सुतारकामाच्या कारखान्यांत कैद्यांकडून त्यांच्या हुबेहूब प्रतिकृति करून घ्यावयाच्या, त्या लोकांना पाहण्यासाठीं घरांत मांडावयाच्या आणि अस्सल वस्तु सुरक्षित जागीं ठेवावयाच्या, अशी ती योजना. ती पार पडली. स्वातंत्र्याचा कवि म्हणून ज्याला जर्मन लोक डोक्यावर घेतात त्याच्या टेबलाचे पाय गुलामांनीं तासले, आणि स्मारकाची काळजी वाहणाऱ्या विद्वानांस त्यांत कांहीं विसंगति दिसली नाहीं! छावणीचें स्वतःचें दहनगृह १९४० सालीं झालें. त्यापूर्वीं तेथील प्रेतें जाळलीं जात तीं वायमार शहराच्या दहनगृहांत. शहरांतील व्यापारी छावणीला माल पुरवीत. आरंभींच्या वर्षांत कैदी उतरत ते वायमारच्याच स्टेशनावर. १६ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकन सेनापति पॅटनच्या हुकुमानें शहरांतील सुमारें हजार नागरिकांना टेकडीवर चालवीत नेऊन प्रेतें दाखविण्यांत आलीं, तेव्हां आम्हांस कांहींच ठाऊक नव्हतें असें पुष्कळांनीं सांगितलें. ठाऊक नसण्यासाठीं त्यांना आठ वर्षें बरेच परिश्रम करावे लागले असतील.

कोणी म्हणेल, हा सारा बाहेरून आलेल्या गुंडांचा कारभार. बिचारें शहर काय करणार? तसेंहि नाहीं. ज्या नाट्यगृहांत १९१९ सालीं राष्ट्रसभा बसून जर्मन लोकसत्तेची घटना तयार झाली, त्याच नाट्यगृहांत १९२६ च्या जुलैंत हिटलरच्या पक्षाचें अधिवेशन भरलें. ग्रोपिउसनें १९१९ सालीं तेथें स्थापिलेली बाउहाउस ही कलाशाळा प्रांतिक सरकारनें पैसा तोडल्यामुळें १९२५ सालीं शहर सोडून डेसाउला गेली. १९३० सालीं फ्रिक हा नाझी थुरिंगियाचा शिक्षणमंत्री झाला. कोणत्याहि जर्मन प्रांतांतला तो पहिला नाझी मंत्री. आणि त्याच वर्षीं वायमारच्या वस्तुसंग्रहालयांतून नव्या चित्रकारांचीं चित्रें उतरविण्यांत आलीं. १९३२ च्या ऑगस्टांत, म्हणजे बर्लिनांत हिटलर सत्तेवर येण्याच्या आधीं, झाउकेल हा नाझी थुरिंगियाचा मुख्य झाला. बाजारचौकांतील ‘हत्ती’ नांवाचें प्रसिद्ध हॉटेल आमचे प्रवासी जुन्या वायमारची खूण म्हणून पाहतात. जुनी इमारत १९३७ सालीं पाडली गेली आणि हल्लींची हिटलरच्या सोयीसाठीं नव्यानें बांधलेली आहे. कोठेंहि पाहा, शहराचे दोन भाग पाडणारी रेघ सांपडत नाहीं.

खुद्द गटेच्या चरित्रांतहि ती सांपडत नाहीं. १७८३ सालीं वायमारच्या राज्यांत एका अविवाहित मोलकरणीनें आपलें नवजात मूल मारलें. ड्यूकनें आपल्या मंत्रिमंडळाला विचारलें कीं, अशा गुन्ह्याला देहान्त शिक्षा ठेवावी कीं बदलावी. गटे त्या मंडळांत होता; इतर सभासदांप्रमाणें त्यानेंहि शिक्षा कायम ठेवण्याच्या बाजूनें मत दिलें, आणि नोव्हेंबरांत त्या बाईचा शिरच्छेद झाला. हाच गटे ‘फाउस्ट’मध्यें त्याच अपराधाबद्दल तुरुंगांत पडलेल्या ग्रेचेनसाठीं जगाला रडवितो. यावरून मी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा करीत नाहीं. त्या काळचा कायदा तसा होता आणि त्याचें मत एकट्याचें नव्हतें. पण काव्यांतील करुणा आणि कचेरींतील मत एकाच माणसाच्या ठिकाणीं शेजारीं-शेजारीं, एकमेकांना न विचारतां, राहूं शकतात हें शिकावयाचें तर त्याच्या घरांतील संगमरवरी पुतळ्यांपेक्षां ही हकीकत अधिक उपयोगी आहे. ती आमच्या एकाहि प्रवासलेखांत माझ्या वाचनांत आलेली नाहीं.

येथें दुसऱ्या टोकाची मंडळी उठून म्हणतील, “पाहा, आम्ही म्हणतच होतों. संस्कृति हें सगळें थोतांड. गटे वाचून काय झालें?” यांचाहि मी तितकाच विरोधी आहें, आणि माझा साक्षीदार त्याच टेकडीवरचा आहे. छावणीसाठीं रान तोडतांना एक जुना ओक वृक्ष ठेवला होता. कैदी त्याला गटेचा ओक म्हणत. २४ ऑगस्ट १९४४ रोजीं लगतच्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यावर अमेरिकन विमानांनीं बाँब टाकले, त्यांत तो होरपळला व मग तोडण्यांत आला. ब्रूनो आपिट्झ या कैद्यानें त्या लांकडाचा एक तुकडा लपवून ठेवला आणि चोरून त्यावर मरणाऱ्या माणसाचा मुखवटा कोरला. सांपडला असता तर त्याचें काय झालें असतें तें सांगावयास नको. छावणीच्या फाटकावरील लोखंडी अक्षरांची गोष्टहि तशीच. ‘ज्याचें त्याला’ अशा अर्थाचें, रोमन न्यायशास्त्रांतून उचललेलें वचन तेथें बसविलें आहे, आणि तें बाहेरच्यांस नव्हे, आंत उभ्या असलेल्या कैद्यांस वाचतां यावें असें बसविलें आहे. तीं अक्षरें फ्रान्झ एर्लिख या कैद्याकडून काढून घेतलीं. तो बाउहाउसचा विद्यार्थी. ज्या शाळेचें नांव काढणें नाझींना खपत नव्हतें तिच्याच वळणांत त्यानें अक्षरें काढलीं, आणि पहारेकऱ्यांच्या तें लक्षांतहि आलें नाहीं! संस्कृति निरुपयोगी असती तर या दोघांनीं जीव धोक्यांत कशाला घातला असता? सांस्कृतिक मंडळानें कवीचें नांव जपलें. त्याचें बाकीचें सारें तारांच्या आंत होतें. हें शहरांत बसून कळत नाहीं. त्यासाठीं टेकडीवरच जावें लागतें.

मुलेंबाळें बरोबर असतात, सुटीचे दिवस, कशाला तें अभद्र पाहावयाचें, अशी एक तक्रार गृहिणींकडून येते आणि तिच्यांत तथ्य आहे. लहान मुलांस तेथें नेऊं नये असेंच मीहि म्हणेन. त्यांना एका वडिलधाऱ्या माणसाबरोबर इल्मच्या बागेंत सोडावें. दोन पाळ्या करून जातां येतें. परंतु मॅट्रिकच्या वयाची मुलें, ज्यांना आपण ‘फाउस्ट’चा सारांश पाठ करावयास लावतों, त्यांनाहि ‘अभद्र’ म्हणून लांब ठेवणें ही मुलांची काळजी नव्हे, आपली सोय आहे.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जर्मनांचें पाप जर्मन निस्तरतील, आपण परक्यांनीं त्यांच्या जखमेवर बोट कां ठेवावें? त्यांनीं तें निस्तरलें कीं नाहीं याचा इतिहासहि सरळ नाहीं. युद्ध संपल्यावर सोव्हिएट अधिकाऱ्यांनीं १९४५ ते १९५० पर्यंत त्याच जागीं आपली छावणी चालविली. तींत सुमारें २८,००० माणसें होतीं आणि सुमारें ७,००० उपाशी व आजारी होऊन मेलीं. पुढें पूर्व जर्मनीच्या सरकारनें १९५८ सालीं भव्य स्मारक उभारलें, साम्यवादी वीरांचे पुतळे बसविले, आणि त्या दुसऱ्या छावणीविषयीं जवळजवळ १९९० पर्यंत मौन पाळलें. सोयीचें तेवढें स्मरण ठेवण्याची कला ही कोणा एका पक्षाची मिरासदारी नाहीं. आणि परकेपणाचें म्हणाल, तर गटेच्या वेळीं आपण परके नसतों! तेव्हां तो विश्वकवि असतो, आपल्या शाकुंतलाचा भक्त असतो. शहरांत विश्वबंधुत्व आणि टेकडीच्या पायथ्याशीं परराष्ट्रधर्म, हा हिशेब मला समजत नाहीं.

दोष सगळा प्रवाशांवर टाकणेंहि बरोबर होणार नाहीं. प्रवासी-कंपन्यांच्या छापील कार्यक्रमांत वायमारला बहुधा अर्धा दिवस मिळतो: दोन घरें, एक पुतळा, जेवण, आणि पुढें लाइपझिग किंवा ड्रेस्डेन. वाटाड्या आपल्या भाषेंत गटेचा नाच सांगतो, मंडळी हंसतात, मोटार सुटते. म्हणून जाणाऱ्यांस माझें सांगणें असें आहे. वायमारला एक मुक्काम करावा. सकाळीं आधीं टेकडीवर जावें. शहरांतून बस जाते, प्रवेशाला पैसे पडत नाहींत, आणि ज्या रस्त्यानें ती वर चढते तो रस्ताहि कैद्यांनींच बांधलेला आहे. फाटकाच्या आंत जाऊन, मागें वळून, तें वचन वाचावें. ओकाचा बुंधा तेथें अजून आहे. पायांत जोर असेल त्यानें १९९९ सालीं पुन्हा मोकळ्या केलेल्या जुन्या शिकारीच्या वाटेनें छावणीपासून एटर्सबुर्गच्या वाड्यापर्यंत चालत जावें. नाटकें जेथें झालीं ती जागा आणि माणसें जेथें मारलीं ती जागा यांत किती अंतर आहे तें पायांना कळेल. मग दुपारीं शहर पाहावें, आणि शिलरच्या घरीं त्याच्या टेबलासमोर उभें राहून, याची प्रतिकृति कोणी केली होती असें वाटाड्याला विचारावें. ज्या कंपनीच्या कार्यक्रमांत या टेकडीला जागा नाहीं तिला, पैसे भरण्यापूर्वीं, ती कां नाहीं हें लेखी विचारावें.